लोखंडातला अंगठा

जऊळक्याच्या ठेसनावरून गावात येणारी गाडीवाट कडुलिंबाला वळसा घालते, तिथं जगदेव पाटलांची चक्की होती. मातीच्या भिंती, वर टिनं, आणि टिनांतून आभाळाकडं तोंड केलेली एक काळी नळी. त्या नळीनं सकाळी पुकपुक सुरू केलं की बायका दळणाच्या टोपल्या डोक्यावर घ्यायच्या, आणि ती थांबली की निजामुद्दीन मिस्त्री भाकर खायला बसला असं गाव समजायचं. घड्याळ पाटलांच्या घरी होतं, पण गावाचा दिवस नळीवर चालायचा.

त्या वर्षी चैतात नळी मुकी झाली. इंजिनाचं डोकं तडकलं. डोकं म्हणजे सिलिंडरवर बसणारं ओतीव लोखंडाचं जड झाकण. त्याच्या आतल्या बाजूला जाळ, आणि त्याच्या पोकळ भिंतीतून खेळणारं गार पाणी. बोटभर लोखंडाच्या अल्याड आग, पल्याड पाणी, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. संसारच तो. उन्हाळ्यात विहीर आटली, पाणी कमी पडलं, ती बोटभर भिंत तापून चिरली आणि पाणी आगीत उतरलं.

तिकडं लढाई जुंपली होती. विलायतेहून खिळासुद्धा येत नव्हता, मग डोकं कुठून येणार? पाटील म्हणाले, "भंगारात घाला." तेव्हा निजामुद्दीननं जमिनीकडं पाहत सांगितलं, "आपला रऊफ ज्या कारखान्यात ओतकाम करते, तिथं धाडून पाह्यू. जुनं पाहून नवं ओततीन ते."

"आपला रऊफ" म्हणताना त्यानं हातातलं फडकं उगाच पिळलं. पाटलांच्या ध्यानात आलं नाही.

रऊफ त्याचा एकुलता एक. आई लतीफा गेली तेव्हा पोर मिसरूडही न फुटलेलं. दोघं बापलेक चक्कीमागच्या खोलीत राहायचे, एका तव्यावर भाकरी जाळायचे, आणि दोघांच्या मधे बोलायला इंजिन होतं, म्हणून त्यांना फारसं बोलावं लागलं नाही. पुढं पोराला शहराची ओढ लागली. म्हणाला, लोखंड फिरवणारा व्हायचं नाही मले, लोखंड ओतणारा व्हायचं आहे. जायच्या दिवशी रऊफ वळकटी घेऊन दारात उभा राहिला. त्याची सावली पिठानं पांढऱ्या झालेल्या जमिनीवर पडली, ती निजामुद्दीननं पाहिली. इंजिन चालू होतं. एक कळ खाली ओढायची, की बंद. त्यानं ओढली नाही. चाकाला तेल घालत राहिला. सावली थोडा वेळ थांबली, मग लांब झाली, मग नव्हतीच.

बापानं लेकाला कधी कागद धाडला नाही. आता ते तडकलेलं डोकं त्यानं आपल्या हातानं पुसलं, पोत्यात शिवलं आणि मालगाडीत चढवलं. थंडीच्या दिवसांत रऊफ त्याच डोक्याच्या उबेला पाठ लावून बसायचा. ओळखेल. ओळखलं तर नव्या लोखंडाबरोबर काहीतरी येईल. काय येईल, ते निजामुद्दीनलाही सांगता आलं नसतं.

पावसाळा मुक्यानंच गेला. गावातली दळायची जाती पुन्हा जागी झाली. पहाटे डोळा उघडला की अंधारातून घरघर ऐकू यायची, एका घरातून, मग दुसऱ्या, मग साऱ्या आळीतून, आणि घरघरीवर तरंगत ओव्या यायच्या. इतकी वर्षं तो या गावात राहिला, पण हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं, कारण त्याच्या इंजिनानंच ते बंद केलं होतं. सगळ्यांत जवळचं जातं प्रयागबाईचं. ती एकटी विधवा, लेकी दिलेल्या, घरात फक्त भिंती. तिचा आवाज उतारवयाचा, कडेला फाटलेला, पण ओवी अशी सोडायची जशी कोणी विहिरीत हळूच दोर सोडतं.

*दूर देशी माझा हिरा, वाट पाहू कुठंवरी*
*पीठ झालं जात्याखाली, भूक राह्यली उंबऱ्यावरी*

तिचा हिरा म्हणजे भाऊ. तिला भाऊ नव्हताच कधी, हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण जात्याला भाऊ लागतोच, त्याशिवाय दांडा फिरत नाही. म्हणून तिनं एक मनानंच घडवला होता.

निजामुद्दीन पडल्यापडल्या ऐके. संध्याकाळी कडुलिंबाखाली जाऊन बसे. चक्की बंद असल्यानं आता गाडीची शिट्टी ऐकू यायची. गाडी थांबायची, निघून जायची, आणि वाटेवर चार माणसं दिसायची, नाहीतर दोन. ती जवळ येईपर्यंत तो बिडी पेटवत नसे.

दसरा झाल्यावर डोकं आलं. पोतं फाडलं. नवंकोरं करडं लोखंड. निजामुद्दीननं पोतं उलटं करून झाडलं, भुसा बोटांनी चाळला. भुशात भुसाच होता.

पाटील समोर उभे होते. "काय पाहून राह्यला रे?"

"काई नाई. नटाच्या चाव्या धाडल्या का, पाह्यलं."

डोकं बसवलं, नट आवळले. पाटलांनी नारळ फोडला, बायका टोपल्या घेऊन हजर. प्रयागबाई सगळ्यांत पुढं. चाक फिरलं, नळीनं एकदा पुक केलं, दोनदा केलं, आणि मग तिच्यातून पांढरा धूर निघाला, भिजलेल्या सरपणासारखा. हौदातल्या पाण्यात बुडबुडे उठायला लागले. पुक… पुक… आणि गप.

"चूल भिजली वाटते," एक बाई म्हणाली. बाकीच्या हसल्या. निजामुद्दीन हसला नाही. आगीला पाणी लागलंय, हे त्याला पहिल्या धुरालाच कळलं होतं.

बायका टोपल्या उचलून पुन्हा जात्याकडं गेल्या. त्यानं डोकं उतरवलं, उन्हात सुकवलं, जाळाच्या बाजूला खडू घासून सारं पांढरं केलं, आणि पाण्याच्या पोकळीत रॉकेल ओतलं. वाट पाहत बसला. खडूवर एक ओला ठिपका उमटला, ज्वारीच्या दाण्याएवढा. तिथं त्यानं दाभण टोचलं. ओतीव लोखंडात दाभण शिरायला नको. शिरलं. आणि टोकाला चिकटून काळं, चिकट काहीतरी बाहेर आलं. त्यानं ते नाकाला लावलं. मेण. मेणात राळ, काजळी आणि लोखंडाचा कीस. ओतताना लोखंडात फोड राहून गेला होता, आणि कोणीतरी तो मेणानं बुजवून वरून घासून साफ केला होता.

पाटलांनी ते काळं बोटावर घेतलं आणि त्यांचा चेहराही तसाच झाला. "हे तर सरासर फसवणं झालं. येत्या बाजारच्या दिवशी मालगाडी हाये. डोकं वापस. अन् संगं कळवतो, ज्यानं हे ओतलं त्याले पह्यले बाहीर काढा. कोनं ओतलं असन रे? तुह्या पोराले ठाव असन."

"लोखंडावर ओतणाऱ्याचं नाव नसते, पाटील."

"नसूदे. कारखानदार हुडकून काढते."

पाटील गेल्यावर निजामुद्दीननं डोकं मांडीवर घेतलं. पाण्याच्या पोकळीला बाजूनं एक खिडकी असते, गाळ काढायला. त्यातून त्यानं बोट आत घातलं, फोडाची जागा चाचपायला. भिंत खरखरीत, वाळूच्या अंगाची. आणि फोडाच्या अगदी शेजारी बोटाला एक उंचवटा लागला. लांबट, गोल, टोकाशी चपटा. त्याच्या मधोमध आडवी चीर.

त्याचं बोट तिथंच थांबलं.

तरुणपणी रेल्वेच्या कारखान्यात त्यानं ओतकाम पाहिलं होतं. लोखंडात पोकळी ठेवायची तर आत वाळूचा गाभा करून बसवतात. गाभ्याचा टवका उडाला, तर ओली वाळू लावून अंगठ्यानं दाबतात, आणि मग तो पुरता सुकवावा लागतो. नाही सुकवला, तर ओतलेल्या लोखंडाखाली त्या ओलीची वाफ होते. वाफेला वाट मिळत नाही. ती लोखंडातच फोड होऊन राहते. इथं कोणीतरी घाई केली होती. अंगठ्याच्या रेघा वाळूत उतरत नाहीत. पण चीर उतरली होती.

चक्कीचा पट्टा उतरवताना लहानपणी रऊफचा अंगठा पट्ट्याची टोकं जोडणाऱ्या पत्र्याच्या टाक्यात सापडला होता. पोटावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा चिरला. लतीफानं हळद भरली होती, आणि पोर रडायचं सोडून विचारत होतं, "अब्बा, पट्टा तुटला का?"

निजामुद्दीननं खूप वेळ बोट बाहेर काढलं नाही. त्यानं रऊफचा हात धरून किती वर्षं झाली होती. धरला होता का कधी, मोठेपणी?

मग मनात दुसरं आलं. आणि मेण? मेणही यानंच भरलं का? ओतणारा वेगळा असतो, घासून साफ करणारा वेगळा. असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण लोखंडानं तेवढं सांगितलं नाही.

सकाळी तो पाटलांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिला. "पाटील, वापस नका धाडू. मी बुजवतो."

"कायनं? मेणानं?"

"गंजानं."

पाटील त्याच्याकडं पाहतच राहिले. "मालगाडीच्या दिवसापर्यंत. त्याच्यावर एक घडी नाई."

गंजानं भोक बुजवायला नवसागर लागतो, आणि नवसागर कल्हईवाल्याकडं. निजामुद्दीन एका छकड्यात बसून शिरपूरला गेला. देवळाच्या वाटेवर, जात्रेकरूंची भांडी चमकवत युसूफ कल्हईवाला बसला होता, भात्यावर एक पाय आणि तोंडात पान.

"नवसागर कायले रे तुले? निकाह लावून राह्यला का, भांडे चमकवतो?"

"लोखंडाले गंज चढवाचा हाये."

युसूफनं पान गालात सरकवलं. "सारी उमर तेल चोपडू चोपडू गंज पुसला, अन् आता बुढाप्यात त्याच्याच पाया पडून राह्यला?"

"वेळ आली तं पडा लागते."

"पोरगं काय म्हन्ते तुहं? खबर हाये?"

"हाये," निजामुद्दीन म्हणाला. "हात बरा हाये त्याचा."

युसूफला हे उत्तर कळलं नाही, पण त्यानं पुडी बांधून दिली. वर एका फुटक्या हंड्याचा तांब्याचा कान दिला, भोकाच्या तोंडाला खुंटी ठोकायला.

परत आल्यावर त्यानं फोड दाभणानं कोरून साफ केला. लोखंडाचा बारीक कीस, नवसागर, चिमूटभर गंधक, हे पाण्यात कालवून पाण्याच्या बाजूनं काडीनं ठासून भरलं. अंगठ्याच्या उंचवट्याला धक्का लागू नये म्हणून काडी तिरपी धरली. वर ओलं पोतं टाकलं. आता हा कीस गंजेल, गंजताना फुगेल, आणि फुगून छिद्राच्या कानाकोपऱ्यात घट्ट बसेल. माणसानं फक्त पोतं ओलं ठेवायचं आणि हात लावायचा नाही. दुखण्यावर दुखणंच घालायचं, आणि वाट पाहायची.

पोतं एकदा-दोनदा ओलं केलं असेल नसेल, त्याला हिवताप भरला. दात वाजले, मग अंग पेटलं. खोलीत बाजेवर पडून राहिला. पाणी प्यायला उठायचं तर भिंत धरावी लागे. दार उघडं, आणि दारातून चक्की दिसत होती, चक्कीत पोत्याखालचं डोकं. बोलवावं असं कोणाचं नाव त्याच्या तोंडावर आलं नाही. आलं तेही लांबचं.

तापाच्या गुंगीत त्याला वाटलं, कोणीतरी दारात आहे. सावली पडली होती पिठाच्या जमिनीवर. तो म्हणाला, "थांब, बंद करतो." आणि उठायला गेला. उठवलं नाही.

ती प्रयागबाई होती. पहाटे त्याचं खोकणं ऐकू आलं नाही म्हणून आली. दारातून तिनं पाहिलं, चूल गार, मटक्यावर झाकण नाही, माणूस भिंतीकडं तोंड करून कण्हतोय. आत जावं तर पाय उंबऱ्यावर अडला. परक्या घरची चूल, त्यात मुसलमानाची. तिनं तिथं हात घातला असता तर आळीनं तिला पाणवठ्यावरून उठवलं असतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या मनानंही घालू दिला नसता. तसंच तिचं मन वाढलेलं. तिनं घरून आणलेलं जोंधळ्याचं पीठ पानात बांधून उंबऱ्यावर ठेवलं. एवढंच करून घरी जावं, तर जीव निघेना.

मग तिची नजर चक्कीत गेली. ओल्या पोत्याखालून तांबडं पाणी ओघळलं होतं. तिनं पोतं उचललं आणि कपाळाला हात लावला. नवं डोकं गंजून तांबडं झालेलं. हा माणूस इंजिनावर गंजाचा ठिपका राहू देत नाही, दिवाळीला दिवा नंतर लावेल पण चाकाला तेल आधी, आणि तापात बिचाऱ्याचं हे लोखंड भिजून नासलं. चुलीला विटाळ होतो, पाण्याला होतो. लोखंडाला विटाळ होत नाही. तिनं पदर खोचला.

घरून राख आणली, नारळाची शेंडी आणली. घासून घासून डोकं पांढरं केलं. भोकाच्या तोंडाशी बसलेला तांबडा चिखल तर काडीनं टोकरून टोकरून काढला. मग आपल्या बुधलीतलं जवसाचं तेल, जे ती सणाला भज्यांपुरतं राखून ठेवायची, ते सगळं त्यावर ओतून, हातानं आतबाहेर चोळलं. लेकराला न्हाऊ घालतात तसं. आणि कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवलं.

ताप उतरल्यावर निजामुद्दीन भिंत धरत चक्कीत गेला. फडकं काढलं. डोकं तुळतुळीत, तेलानं चमकणारं.

तो खालीच बसला. तेल लागलेल्या लोखंडाला गंज धरत नाही. तेल त्या फोडात मुरलं होतं. मालगाडी अगदी उंबऱ्याशी आलेली.

प्रयागबाई दारात उभी. "उठला काय, निजामभाऊ? पाह्य, कसं करून ठेवलं. पार सडून गेलतं तुहं लोखंड. किती घासलं म्या, हाताची सालं गेली."

तिनं हात पुढं केले. सालं खरंच गेली होती. जवसाच्या तेलाचा वास अजून येत होता.

निजामुद्दीननं डोक्याकडं पाहिलं, मग तिच्या हातांकडं. लतीफा गेल्यापासून त्याच्या कुठल्याही वस्तूला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता.

"बेस केलं बाई," तो म्हणाला. "लय बेस केलं."

"मंग तोंड असं काहून केलं?"

"ताप हाये अजून."

ती गेल्यावर त्यानं विचार केला. तेल काढायचं तर एकच वाट, विस्तव. पण ओतीव लोखंड एकदम तापलं तर तडकतं, हेच तर जुन्या डोक्याचं झालं. म्हणून त्यानं अंगणात खड्डा केला, गोवऱ्या रचल्या, मधे डोकं ठेवलं आणि वर राख पसरली, की जाळ होऊ नये, नुसती ऊब धरावी, भरीत भाजतात तशी. आणि शेजारी बसून राहिला. आधी जवसाचा धूर निघाला, खमंग, दिवाळीच्या तळणासारखा. मग तो संपला.

आणि त्यानंतर, फोडाच्या तोंडातून काळा थेंब उतरला. मग आणखी एक. मग धारच लागली, बारीक, चिकट, मेणाच्या वासाची.

निजामुद्दीन पुढं वाकला. त्यानं दाभणानं कोरलं होतं ते नुसतं तोंड होतं. फोड आत वळून, खोल, दुसऱ्या खोलीसारखा पसरलेला होता, आणि त्याच्यात मेण साचून होतं. त्याचा पहिला गंज या मेणावर बसला होता. मेणावर बसलेला गंज पहिल्या जाळाला सुटला असता, सगळ्या गावासमोर. तेव्हा पाटील थांबले नसते, आणि त्या अंगठ्याचा धनी हुडकायला कारखानदाराला वेळ लागला नसता. बाईनं तेल घातलं नसतं तर त्यानं विस्तव केला नसता. विस्तव केला नसता तर हे कधीच बाहेर आलं नसतं.

तो एकटाच हसला, आणि मग त्यानं राख सारखी करायला तोंड फिरवलं. तिथं पाहणारं कोणी नव्हतं, तरी फिरवलं.

गार झाल्यावर त्यानं पुन्हा कीस कालवला, पुन्हा ठासून भरला, खोलवर. जाळाच्या बाजूनं तांब्याची खुंटी ठोकून सपाट केली. पुन्हा ओलं पोतं. पण गंजाला त्याचे दिवस लागतातच. आणि बाजारच्या दिवशी पाटलांचा छकडा दाराशी येऊन उभा राहिला.

"दे इकडं," पाटील म्हणाले.

"पाटील, अजून धरलं नाई. हलवलं तं सुटन."

"तुले म्हनलो होतो ना, एक घडी नाई."

"म्हनले होते. मले ताप आला."

"तुले ताप, गावाले जातं, अन् मले ताप डोक्याचा." पाटील छकड्यावरून उतरले, पण पोत्याला हात लावला नाही. जरा वेळ मिशी चोळली. मग आवाज खाली आला. "घरी जायची सोय राह्यली नाई. इजयमालेच्या हाताले फोडं आले. रोज सकाळी जात्यावर माह्या नावाची ओवी घालते, ऐकवत नाई. म्हन्ते, 'चक्कीच्या मालकाची बायको, अन् जातं ओढते, कोनाले सांगू.'"

"खरंच हाये ते," निजामुद्दीन म्हणाला.

"तू नको बोलू." पाटलांनी मालगाडीची शिट्टी ऐकली, वाटेकडं पाहिलं, पोत्याकडं पाहिलं. "हे वापस धाडलं तं नवं कवा येईन?"

"लढाई सरन तवा."

"तवापर्यंत बायको ठेवन का मले?" ते छकड्यात चढले. "म्होरली गाडी. पण मंग एक घडी नाई."

त्या दिवसांत निजामुद्दीन फार कुठं गेला नाही. पोतं ओलं करायचं, बसायचं. पहाटे जाती ऐकायची. एकदा प्रयागबाई डोकं पाहायला आली, पोत्याखालचा तांबडा रंग पाहून तिनं पदर खोचलाच होता, तेव्हा त्याला सांगावं लागलं. गंजच औषध आहे, गाभा ओला होता, आतली वाफ कोंडली, म्हणून फोड झाला. तेलाचं त्यानं सांगितलं ते असं की, तुह्या तेलानंच आतलं मेण निघालं. तेवढं खरंही होतं. तिनं खोचलेला पदर सोडला. दुसऱ्या पहाटे तिच्या जात्यावर नवीच ओवी आली.

*लोखंडाच्या काळजाले पाझर फुटला कसा बाई*
*आतमंदी वाफ कोंडली, तिले वाट दिली नाही*

निजामुद्दीन उठून बसला. ती लोखंडाचंच गात होती. दुसरं काही तिला ठाऊक नव्हतं. तरी त्यानं गुडघ्यात तोंड घातलं.

म्होरल्या गाडीच्या आधी त्यानं खडू घासला, रॉकेल ओतलं, वाट पाहिली. खडू पांढराच राहिला. डोकं बसवलं. या वेळी नारळ नव्हता, बायकांनाही कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं एकट्यानंच चाक फिरवलं. पुक. पुक. आणि मग पुकपुक पुकपुक, निळसर धूर, कडुलिंबावरचे पोपट उडाले. हौदातलं पाणी शांत. त्यानं डोक्याच्या अंगाला, जिथं आत तो अंगठा होता, तिथं बाहेरून तळहात ठेवला. लोखंड हळूहळू कोमट झालं.

पाटील धावत आले. धापा टाकत म्हणाले, "कारखान्याले काय कळवू मंग? शिव्या तं घालाच लागतीन."

"कळवा, डोकं बसलं."

"बस?"

"अन् म्हना, आतला गाभा पुरता सुकू देत जा. घाई नोका करू." तो थांबला. तळहात अजून लोखंडावरच होता. "येवढंच."

जाती पुन्हा भिंतीला टेकली. पहाट पुन्हा मुकी झाली, आणि प्रयागबाईचा हिरा पुन्हा कुठल्या तरी दूर देशी राहिला, त्याला आता कोणी हाक मारत नव्हतं. निजामुद्दीन सकाळचं चाक जरा उशिरा फिरवायला लागला. कधी तिच्या घरून उगाच घरघर यायची, पसाभर डाळ भरडण्यापुरती, तेवढी संपू द्यायचा.

आणि आणखी एक झालं. संध्याकाळी गाडीच्या वेळेला तो कळ खाली ओढायचा. सुपात धान्य असो, बाया रांगेत असोत, पट्टा फिरता फिरता हळू व्हायचा, थांबायचा. पहिल्यांदा बायकांनी कटकट केली. एक नवी सून म्हणाली, "तेल सरलं वाटते याचं."

"गप वं," प्रयागबाईनं टोपलीवर हात टेकत म्हटलं. "गाडी गेली का सुरू करते तो."

मग साऱ्याच गप्प बसायच्या. पीठ हवेतून खाली बसायचं. शिट्टी यायची, गाडी थांबायची, निघायची. प्रयागबाई दारात उभी राहून वाट पाहायची, तिची नजर अजून लांबवर पुरायची.

"दोघं उतरले," ती सांगायची. त्यानं कधी विचारलं नव्हतं. "एक शिरपूरच्या देवळाचा जात्रेकरू दिसते. दुसरा टपालाच्या थैलीवाला."

निजामुद्दीन मान हलवायचा. कडुलिंबाची वळणवाट रिकामी होईपर्यंत थांबायचा, मग दोन्ही हातांनी चाकाला धरायचा.